ठेका धरणाऱ्यांचा अल्बम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या टॉकिंग हेड्स नावाच्या अमेरिकन रॉक बँडच्या मैफिलीवरच्या चित्रपटाविषयी लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला होता. बँडचा गायक डेव्हिड बर्नचा तो अवाढव्य कोट, जोनाथन डेमीचं दिग्दर्शन, डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात झालेलं चित्रीकरण, सगळं त्यात होतं. फक्त एका वाक्यापाशी मी अडलो. बर्न कोट बदलायला आत जातो तेवढ्या वेळात ‘बाकीचे कलाकार एक हलकंफुलकं गाणं वाजवून घेतात’, असं ते वाक्य होतं. त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

ते बाकीचे म्हणजे बेस वाजवणारी टीना वेमथ आणि ड्रमवर बसलेला तिचा नवरा ख्रिस फ्रँट्झ. गाणं ‘जीनियस ऑफ लव्ह’. ते आहे ‘टॉम टॉम क्लब’ या १९८१ च्या अल्बममधलं. या दोघांनी मूळ बँड चालू ठेवून बाजूला काढलेल्या बँडचा हा पहिलाच अल्बम, आणि बँडचं नावही तेच.

मी स्वतः बेसवाला आहे. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन, आणि गणपतीत मिळेल तो मांडव. मर्चंट नेव्हीतल्या एका मित्राने हा अल्बम कॅसेटवर उतरवून आणला होता. तोवर पंक म्हणजे आरडाओरडा आणि नाच म्हणजे डिस्को, असे माझ्या डोक्यात दोन स्वतंत्र कप्पे होते. या कॅसेटवर दोन्ही एका ठेक्यात बसलेले ऐकले आणि पुढे बरेच दिवस दुसरं काही ऐकावंसं वाटेना.

१९८० मध्ये टॉकिंग हेड्सचा ‘रिमेन इन लाइट’ आला. त्याचा पाया एकत्र बसून, वाजवत वाजवत रचलेला होता. पण श्रेय कुणाचं किती यावरून बँडमध्ये कटुता आली. त्यानंतर बर्न आपल्या कामात गेला, की-बोर्ड आणि गिटार वाजवणाऱ्या जेरी हॅरिसनने स्वतःचा अल्बम करायला घेतला. उरले बेस आणि ड्रम. गायक नाही, गिटारचा मुख्य माणूस नाही. अशा वेळी ऑर्केस्ट्रातला बेसवाला घरी बसतो किंवा दुसऱ्या पार्टीचा फोन येण्याची वाट बघतो. हे दोघे बहामाजमधल्या नसाऊला गेले. तिथे आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलचा कंपास पॉइंट स्टुडिओ होता. याच स्टुडिओत त्या काळात ग्रेस जोन्सचे अल्बम स्लाय डनबर आणि रॉबी शेक्सपिअर या जमैकन ड्रम-बेस जोडीच्या जोरावर उभे राहत होते. म्हणजे ठेका धरणाऱ्यांना तिथे आधीच मान होता.

पहिल्यांदा एकच गाणं झालं, ‘वर्डी रॅपिंगहूड’. त्याची सुरुवात टाइपरायटरच्या खडखडाटाने होते, आणि तो खडखडाट लयीचाच भाग होऊन जातो. वर टीना आणि तिच्या बहिणी शब्दांविषयीच बडबडगीतासारखं काहीतरी म्हणतात, मध्येच फ्रेंच येतं, मध्येच मोरोक्कोतल्या मुलांच्या गाण्याचे बोल येतात. हे सगळं १९८१ मध्ये, रॅप अजून नवं होतं तेव्हा. ब्रिटनमध्ये ते सातव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि मग पूर्ण अल्बमचा रस्ता मोकळा झाला. निर्मितीत या दोघांच्या बरोबरीने नाव आहे ते स्टीव्हन स्टॅन्ली या विशीतल्या जमैकन साउंड इंजिनिअरचं.

‘जीनियस ऑफ लव्ह’ मी किती वेळा वाजवून पाहिलं असेल. कानाला सोपं वाटतं, हाताला अवघड जातं. बेस मोजक्या स्वरांत फिरतो आणि मधली जागा रिकामी सोडतो. ती जागा भरायचा मोह आवरणं हीच खरी कसोटी. नवीन मुलगा लगेच दोन स्वर जास्त घालतो आणि गाणं पडतं. ड्रमही तसाच. पायाने वाजणारा ड्रम आणि टाळी यांच्यामध्ये श्वास घ्यायला उसंत ठेवलेली. झॅप या फंक बँडच्या एका गाण्यातल्या ठेक्यावरून हे सुचल्याचं फ्रँट्झने स्वतः सांगितलं आहे.

पण माझं मन त्यातल्या नावांवर जडलं. त्या गाण्यात आवडत्या संगीतकारांची नावं एकामागून एक घेतली आहेत. जेम्स ब्राउन, स्मोकी रॉबिन्सन, बॉब मार्ली हे तर मोठे गायक. पण बूट्सी कॉलिन्स आहे, तो बेस वाजवणारा. स्लाय आणि रॉबी आहेत, ड्रम आणि बेस. आणि हॅमिल्टन बोहॅनन, जो स्टीव्ही वंडरच्या मागे ड्रम वाजवायचा, त्याचं नाव तर पुन्हा पुन्हा येतं. मागे बसणाऱ्यांची नावं गाण्याच्या बोलांतच, मधोमध, आणि घेणारेही मागे बसणारेच. हे माझ्या ऐकण्यात त्याआधी कधी आलं नव्हतं.

आमच्याकडची गोष्ट सांगतो. एका कॅसेट कंपनीसाठी आम्ही भक्तिगीतांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. गायकाचा फोटो, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव, आणि खाली ‘व साथीदार’. ढोलकी वाजवणाऱ्या आमच्या दादांनी ती कॅसेट घरी नेली. मुलीने विचारलं, बाबा, तुमचं नाव कुठाय? दादांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. ते आता नाहीत.

न्यूयॉर्कमध्येही असंच होत होतं. टॉम टॉम क्लबच्याच काळात तिथे लिक्विड लिक्विड नावाचा बँड होता, पंक आणि नाच यांच्या सीमेवरचा. त्यांच्या ‘कॅव्हर्न’ गाण्यातली बेसची ओळ १९८३ च्या ‘व्हाइट लाइन्स’ या गाजलेल्या रॅपमध्ये त्यांना न विचारता वाजवली गेली. प्रकरण कोर्टात गेलं.

‘जीनियस ऑफ लव्ह’च्या वाट्याला मात्र दुसरं नशीब आलं. ते अमेरिकेत नाचगाण्यांच्या यादीत पहिलं आलं, आणि अल्बमला गोल्ड मिळालं, म्हणजे पाच लाख प्रतींची मजल. १९९५ मध्ये मराया कॅरीच्या ‘फँटसी’त तोच ठेका उचलला गेला. अमेरिकेच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेलं एखाद्या गायिकेचं ते पहिलंच गाणं. केबलवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा दुसऱ्या मात्रेलाच मी ओळखलं. आणि त्याच्या श्रेयनामावलीत गीतकार-संगीतकार म्हणून वेमथ, फ्रँट्झ, गिटारवाला एड्रियन बिल्यू आणि इंजिनिअर स्टीव्हन स्टॅन्ली अशी चारही नावं आहेत. कन्सोलवर बसलेल्या माणसाचंसुद्धा!

अल्बम सगळा सारखा आहे असं मी म्हणणार नाही. दुसरी बाजू पहिलीइतकी भक्कम नाही, ‘लोरेलाय’ सोडलं तर तिथे थोडं रेंगाळल्यासारखं होतं. जेम्स रिझीने काढलेलं मुखपृष्ठ, रंगीत, लहान मुलाच्या चित्रासारखं, त्यामुळेही लोक याला पोरखेळ समजले असावेत. पण त्यातला हलकेपणा कमावलेला आहे. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात वाजवलेली वर्षं त्यामागे आहेत, कलाशाळेतले दिवस आहेत, आणि बँडला बेस वाजवायला कुणी मिळेना म्हणून ते वाद्य शिकायला घेतलेल्या बाईची जिद्द आहे.

तेव्हा चित्रपटातला तो भाग पुन्हा पाहावा अशी लेखकाला विनंती. बर्न रंगमंचावर नसतो आणि तरी प्रेक्षागृह नाचत असतं.

आणि एक विनंती आपल्यालाही. पुरवणीत या अल्बमवर स्वतंत्र लेख यावा. तो छापताना तालवाद्यांवरचा स्टिकी थॉम्पसन, की-बोर्डवरचा टायरोन डाउनी, गिटारवरचा माँटी ब्राउन, आवाज देणाऱ्या टीनाच्या बहिणी, यांची नावं जागेअभावी कापू नयेत. मराठी अल्बमच्या परीक्षणांतही वादकांची नावं छापायला सुरुवात करावी. चार ओळी जास्त लागतील, तेवढंच.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक जुना बेस गिटार वादक, डोंबिवली (पूर्व)