दंडाचा मेसेज येतो, तपासून सोडल्याचाही येऊ द्या

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातला. गेली अठरा वर्षं पिकअप चालवतोय. सीझनला नारायणगाव पट्ट्यातला टोमॅटो संध्याकाळी भरायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटला उतरवायचा, हा माझा धंदा. रात्रीच्या नाकाबंदीबद्दल तुम्हाला लिहितोय. नाकाबंदी बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. राज्यात वर्षाला १५ हजारांवर माणसं रस्त्यावर मरतात. दारू पिऊन डंपर हाकणारे मी रात्री जवळून पाहिलेत. त्यांना अडवणारा पोलीस मला हवाच आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. गाव आणि हद्द मुद्दाम लिहीत नाही, कारण एका हवालदाराची बदली करून हा प्रश्न सुटणारा नाही.

रात्रीचा दीड वाजला होता. पाऊस चालू होता, मागे ताडपत्रीखाली ६५ क्रेट. बॅटरीचा झोत थेट डोळ्यावर आला. "ए, साइडला घे." मी काच खाली केली तोच हात आत आला आणि गाडीची चावी गेली. चावी काढून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कुठल्याही कलमात लिहिलेला नाही. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं, हे कायद्यात आहे आणि ते मी आजवर कधी नाकारलं नाही. लायसन्स, आरसी, फिटनेस, पीयूसी सगळं दाखवलं. इन्शुरन्स मोबाइलवर होता. "मोबाइलवरचं चालत नाही, झेरॉक्स दे." महोदय, कागद मोबाइलवर दाखवले तरी ग्राह्य धरायचे हा केंद्राचा नियम २०१८ पासून आहे. आठवण करून दिली तर ते म्हणाले, "शिकवतो का मला?" तो पोरगा माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान होता आणि सगळं बोलणं अरे-तुरेतच.

कागदात काही सापडेना, तेव्हा गाडी ओव्हरलोड ठरली. माझी गाडी पंधराशे किलोला पास आहे. एका क्रेटचे मालासकट बावीस किलो धरले तरी माल साडेचौदाशेच्या आत होता. मी म्हटलं, साहेब, पुढे दोन किलोमीटरवर काटा आहे, तिथे गाडी चढवू, जास्त भरली तर चलन करा. कलम ११४ मध्ये ओव्हरलोडचा संशय आला तर गाडी काट्यावर न्यायची सोय केलेली आहे. नुसत्या नजरेने वजन ठरवा असं त्यात कुठे नाही. ते म्हणाले, "वीस हजाराचं चलन टाकू का? नाहीतर काय ते बघ."

सव्वा तास मी पावसात उभा होतो. शेवटी पाचशे रुपये दिले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं लिहून उपयोग नाही. वाशीला गाळ्यावर पोचेपर्यंत चांगलं गिऱ्हाईक निघून गेलेलं. क्रेटमागे चाळीस रुपये तुटले. ते तुटले शेतकऱ्याचे, आणि त्याला हिशोब देताना मला मान वर करता आली नाही.

यातली खरी मेख दंडाच्या रकमेत आहे. ओव्हरलोडला कायद्याने २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. दंड वाढवला तेव्हा हेतू चांगला होता, मला मान्य आहे. पण महिन्याकाठी पंचवीस हजार हातात पडणाऱ्या माणसासमोर वीस हजाराचा आकडा नुसता उच्चारला तरी तो घाबरतो. चलन फाडावंच लागत नाही. दंड जितका मोठा, तितकं तोडपाणी सोपं. आमच्याकडे नवीन ड्रायव्हरला गिअर शिकवायच्या आधी शिकवतात की आरसीच्या कव्हरमध्ये दोनशेची घडी करून ठेवायची.

आता माझं मागणं. चलन झालं की मोबाइलवर मेसेज येतो. पण मला अडवलं, तासभर उभं केलं, काही सापडलं नाही म्हणून सोडलं, याची नोंद कुठेच होत नाही. त्याच रात्री पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच सुरू होतं, कधी कधी तीन-तीन वेळा. पोलिसाच्या हातात ई-चलनाचं मशीन असतंच. गाडी थांबवली की नंबर टाकायचा, कारण टाकायचं, आणि काही नसेल तर "तपासणी झाली, दोष नाही" एवढा मेसेज गाडीमालकाला जायचा. वेळ, ठिकाण, थांबवणाऱ्याचा बक्कल नंबर त्यात आपोआप येईल. ज्या थांबवण्याची नोंद झाली, तिथे पैसे मागायची हिंमत फार कमी जण करतील.

दुसरं, नाकाबंदीवरच्या प्रत्येकाच्या अंगावर चालू कॅमेरा पाहिजे. ऑगस्ट २०२१ च्या केंद्राच्या नियमात बॉडी कॅमेऱ्याचं नाव आहे, म्हणजे नवीन कायदा करायची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला, त्यानंतर पोलिसांनी खाजगी मोबाइलवर फोटो काढू नयेत असे आदेश निघाले. मनात आणलं तर आदेश निघतो, हे आम्ही पाहिलंय.

हा कॅमेरा पोलिसांच्याही कामाचा आहे. २०१६ मध्ये मुंबईत खारला हेल्मेट नसलेल्या मुलाला थांबवलं म्हणून हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात फटका घातला आणि त्यात त्यांचा जीव गेला. बारा-बारा तास पावसात उभे राहणारे, रेनकोट फाटलेला असूनही हसून "जा दादा, सावकाश जा" म्हणणारे पोलीसही मला भेटतात. त्यांच्याकडे बघून मी हे पत्र लिहायचं धाडस केलं.

आणि ओव्हरलोडचं चलन काट्याच्या पावतीशिवाय होऊ नये. काटेवाला शंभर रुपये घेतो. माल जास्त निघाला तर ते शंभर मी भरीन, दंडही भरीन.

ऑगस्टपासून पुन्हा रोज रात्री मी त्याच रस्त्यावर असेन. निदान एका जिल्ह्यात तरी तोवर हे सुरू करून बघा.

आपला,
एक पिकअपचालक, जुन्नर तालुका