तुझा डग्गा माझ्या लॅपटॉपमध्ये आहे

प्रिय बाप्या,

दोन वर्षं झाली, पत्र नाही फोन नाही काही नाही. तुझे दोन मेसेज आले होते, दोन्ही वाचले, उत्तर लिहायला घेतलं आणि राहिलं ते राहिलंच. कारणं देत बसत नाही, तुला ती आवडत नाहीत. घरी सगळं ठीक, आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर आहे. बास.

परवा रात्री एक झालं आणि ते घरात कोणाला सांगता येईना. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, रबर दाबलं, आवाज आला, मग? म्हणून तुला.

हेडफोन लावून नवीन ड्रम पॅडवर बसलो होतो, म्हणजे ती रबराची पाटी, मारलं की लॅपटॉपमधला रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो. डावीकडच्या पॅडवर बोटं मारली, घे वाजला, आणि बोटं न उचलता तशीच दाबत नेली तर घुमारा वर चढला रे. तू मनगट पुढे सरकवतोस ना तेव्हा चढतो तसाच, आधी जरा अडल्यासारखा आणि मग मोकळा. मी हात काढून घेतला. परत मारायची हिंमत पाच मिनिटं झाली नाही. कारण तो डग्गा तुझा आहे. तुझ्यासारखा नाही, तुझाच. आपलं भांडण झालं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग.

जाताना तू "पुसून टाक" म्हणालास आणि मी "हो" म्हणालो. पुसलं नाही. हे आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना तुला हवं तेवढं रागावता येईल.

भांडण कशावरून झालं ते तुला वेगळं आठवत असणार. माझ्या आठवणीप्रमाणे मी म्हटलं होतं एकाच जोराचे आठ आठ घे दे, आणि चार झाल्यावर तू म्हणालास की हाताला दोन सारखे घे येत नाहीत, सारखेच हवे असतील तर एक घे आणि कॉपी कर. मग मी रागाने काहीतरी बोललो, मग दाढीवाला मध्ये पडला, मग तू माझ्या जुन्या पॅडलाच नावं ठेवायला लागलास, की यात ठोका जाईल पण मनगट कुठून जाणार. हे मला फार लागलं होतं. आता सांगतो, त्या पॅडबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर होतं. त्याच्या पोटात पिझो होता, आणि पिझो फक्त हादरा ओळखतो, मारलं की विजेचा एक झटका देतो आणि संपलं. वर बोट ठेवून तू तासभर दाबलंस तरी त्याला पत्ता नसतो. या नव्या पॅडखाली दाब मोजणारा सेन्सर आहे, बोट जोपर्यंत वर आहे तोपर्यंत तो सतत सांगत राहतो, आता एवढा, आता एवढा, आता सुटला.

आणि गंमत बघ, हे सांगायची सोय मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, पहिल्यापासून आहे. १९८३ साली प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलने जोडून दाखवले ना, त्याच वर्षीच्या नियमावलीत प्रत्येक सुराचा वेगळा दाब पाठवायचा मेसेज लिहिलेला आहे, पॉलिफोनिक आफ्टरटच. तो पाठवणारी वाद्यंच फार थोडी निघाली. इलेक्ट्रॉनिक ड्रमवाले त्याचा एकच उपयोग करत राहिले, सिंबल हाताने पकडला की आवाज बंद. म्हणजे आपण दोघं ओरडत होतो तेव्हाही तुझ्या मनगटाची जागा राखलेली होतीच, दोघांपैकी कोणालाच ते माहीत नव्हतं.

पण ही जागा वापरायला तीन आठवडे गेले, खोटं नाही सांगत. सॅम्प्लरमध्ये (रेकॉर्ड केलेले ठोके वाजवणारं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा सरळ जोडणी केली, दाब वाढला की पिच, म्हणजे सूर, वाढव, तर प्रत्येक घे चिमणीसारखा चिवचिवला. दोन दिवस कळेना. मग मिडी मॉनिटर उघडून पॅड पाठवतो ते आकडे बघत बसलो तेव्हा समजलं, बोट आपटतं तो धक्का पण पॅडला दाबच वाटतो, पहिल्या क्षणी आकडा ९०-१०० वर उडतो, खाली येतो आणि मग कुठे आपला मुद्दाम दिलेला दाब सुरू होतो. म्हणून ठोक्यानंतरचे पहिले ५० मिलिसेकंद दाबाकडे बघायचंच नाही असं स्क्रिप्टमध्ये टाकलं. चिवचिव गेली. मग पायऱ्या ऐकू यायला लागल्या. दाबाला ० ते १२७ एवढेच आकडे असतात, पाच अर्धस्वर चढायचं म्हणजे एकेक पायरी साधारण ४ सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), ती एकटी ऐकू येत नाही पण बोट जोरात दाबलं की आकडा पंधरा-वीसने उडी मारतो आणि घुमारा जिन्यावरून चढल्यासारखा खडखडतो. सूर वरखाली करायचा मिडीचा खास मेसेज असतो, पिच बेंड, त्याला १६,३८४ पायऱ्या असतात, दाबाच्या नशिबी १२८. म्हणून मध्ये ३० मिलिसेकंदांचं स्मूदिंग घातलं आणि मग तो पहिल्यांदा मऊ चढला. शिवाय माझा पॅड सरळ सोप्या पद्धतीने लावला तर एका चॅनलवरच्या सगळ्या आवाजांचा मिळून एकच दाब पाठवतो, त्यामुळे डग्गा दाबला की उजवीकडचा ना पण सुरातून घसरायचा! तुझ्या अंगावर काटा आला असता. डग्ग्याला वेगळा चॅनल दिला तेव्हा ते थांबलं.

तुला हे सगळं का सांगतोय? कारण या प्रत्येक ठिकाणी बरोबर काय ते तुझ्याच रेकॉर्डिंगवरून ठरवलं. ती शेवटची दोन मिनिटं, तू गंमत म्हणून नुसता डग्गा घुमवत होतास आणि मी मशीन बंद करायला विसरलो होतो, ती शंभरदा तरी ऐकली असेल. दाब वाढला की नुसता सूर चढत नाही, आवाज थोडा बुजतो पण, शेपटी आखूड होते. हे मला कधीच ऐकू आलं नव्हतं, तुझ्या शेजारी इतकी वर्षं बसून. आता दाबाला पिचबरोबर फिल्टर पण जोडलाय.

आणि तुझा "हं". प्रत्येक मोठ्या घेच्या आधी तू नाकातून हं करतोस, माहितीये तुला? सर म्हणायचे हा डग्गा वाजवतो की गिळतो, ते उगीच नाही. सॅम्पल ठोक्यापाशी कापावं लागतं, आधी २० मिलिसेकंदांची जागा सोडली तर प्रत्येक ठोका तेवढा उशिरा वाजणार, त्यामुळे सगळे हं कापले. पण फेकले नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, अकरा.

आता खरी गोष्ट. काल एकाने ऐकलं, चांगला मुलगा आहे, मनापासून शिकतोय, आणि त्याने सगळी फाइल मागितली. सॅम्पल, मॅपिंग, सगळं. मी हो म्हणणार होतो आणि तोंडातून शब्दच फुटेना. माझ्या हार्ड डिस्कवर तू आहेस तोवर एक वेळ ठीक, मी निदान ते ऐकून जपून वाजवतो. पण फाइल गेली की गेली, उद्या कुणीही कुठल्याही गाण्याखाली तुझा हात लावेल, तुझ्या चार घेंमधला तो चौथा, जरा किनारीकडे पडलेला, तोही. (चारच आहेत म्हणून ते पाळीपाळीने वाजले की कान चौथ्याला पकडतो, म्हणून मी क्रम सोडून रँडम लावलेत. बघ, सारखे नाहीत हे तुझं म्हणणं किती खरं होतं, ते सारखे नाहीत म्हणूनच जिवंत वाटतात. एकच कॉपी करून लावला तर मशीनगन वाटते.) आणि जे वाजेल त्याला कोणाचं वाजवणं म्हणायचं? बोट त्याचं, दाब त्याचा, केव्हा सोडायचं ते त्याचं. पण चामडं तुझ्या हाताने बोललंय. रात्रभर याच्यावरच अडलोय. मला वाटतं दाब ज्याचा वाजवणं त्याचं, आणि आवाज तुझा, आणि आवाज द्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क मला नाही. मी त्याला थांब म्हटलंय. तू नाही म्हणालास तर नाही. परत पुसून टाक म्हणालास तर या वेळी खरंच पुसेन, तुझ्यासमोर.

पण पुसायच्या आधी एकदा ऐक. आणि त्यात एक मोठं भोक आहे ते पण ऐक. तू त्या रात्री चिडून सगळे ठोके जोरातच दिलेस, हळू एकही नाही. पॅडवर वेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, साधारण ४५च्या खाली गेली की माझ्याकडे देण्यासारखं काही नसतं. मी मोठ्याच घेचा आवाज कमी करून वरची धार फिल्टरने काढलीये, पण ते लांबून ऐकू येणाऱ्या मोठ्या ठोक्यासारखं वाटतं. हळू मारलेला ठोका वेगळाच असतो, त्यात बोट आधी लागतं आणि चामडं मागून येतं. तुझा हळू गे, ठुमरीच्या मागे द्यायचास तो, तो कुठेच नाही. मी स्वतः वाजवून भरायचा प्रयत्न केला. माझे तुझ्याशेजारी ठेवले की दोन माणसं बसल्यासारखी वाटतात.

तुझं काय चाललंय? नवीन नोकरी लागली असं वहिनीच्या मेसेजवरून कळलं, अभिनंदन, उशिरा का होईना. धाकटी आता शाळेत जात असेल. खांदा बरा का? डग्गा उतरवून ठेवला आहेस की वाजतोय अधूनमधून? दाढीवाल्याने दाढी काढली, फोटो पाठवतो.

सोबत ४० सेकंदांची फाइल पाठवतोय. हेडफोन लावून ऐक, फोनच्या स्पीकरवर डग्गा ऐकू येणार नाही. विसाव्या सेकंदाला जो चढतो तो मी दाबलेला आहे, तिसाव्याला जो चढतो तो तूच, मूळ रेकॉर्डिंगमधला. कुठला खोटा वाटतो ते खरं सांग.

आणि ते हळू ठोके देशील का? माइक मी आणतो. आठ मागणार नाही, तुला जितके येतील तितके.

तुझाच,
अव्या

ता.क. मशीन या वेळीही शेवटी लगेच बंद करणार नाही.