तजवीद फक्त मदरशातल्या पोरांसाठी नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठी पेपरलाच का लिहितेय ते आधी सांगते. तजवीदवर, म्हणजे कुराण प्रत्येक अक्षराचा हक्क देऊन नीट पढण्यावर उर्दूत बरंच छापून येतं, बयानही होतात, पण जुन्या नाशकातल्या, वडाळा रोडच्या, सातपूर-नाशिकरोडकडच्या आमच्या कितीतरी घरांत आता पोरं मराठी नाहीतर इंग्लिश मीडियमला जातात, घरात पेपर येतो तो मराठी, आणि उर्दूतलं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मला त्या घरांशी बोलायचंय. बाकीच्या वाचकांनी वाचलं तर आनंदच आहे.

मी दुपारी घरी बायकांना कायदा (अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक) आणि नाजिरा (कुराण बघून पढणं) शिकवते. कॉलेजच्या मुली येतात, सुना येतात, नातवंडं असलेल्या खाला येतात. जवळजवळ सगळ्यांचं कुराण लहानपणीच पूर्ण झालेलं आहे, आमीन झालीय, मिठाई वाटलीय, गळ्यात हार पडलेत, आणि तरी समोर बसवून अलहम्दु, म्हणजे कुराणातली पहिली सूरत (अध्याय), ऐकली की लक्षात येतं की पानं संपली होती, अक्षरं मात्र कुणी घासून घेतलीच नव्हती. यात त्या बायकांचा काय दोष? मकतबमध्ये, म्हणजे पोरांच्या कुराणाच्या वर्गात, एका हाफिजजींसमोर (कुराण पाठ असलेल्या शिक्षकांसमोर) खोली भरून पोरं, शाळेच्या आधी नाहीतर नंतरचा तासभर टाइम, त्यात सबक (धडा) ऐकायचा, नवा द्यायचा, शिस्त पण राखायची. आणि घरी अब्बा विचारणार काय तर "कितवा पारा (कुराणाचा भाग) चालूय?" कसा पढतोस, जरा ऐकव, असं विचारणारं घर फार कमी बघितलंय मी.

आता हे इतकं महत्त्वाचं का. नमाज मराठीत किंवा उर्दूत होत नाही, त्यात कुराण अरबीतच पढायचं असतं. दिवसाच्या पाच नमाजांतल्या फक्त फर्ज (सक्तीच्या) रकाती, म्हणजे नमाजची आवर्तनं, धरल्या तरी १७ होतात, आणि एकट्यानं नमाज पढणारा माणूस प्रत्येक रकातीत सूरे फातिहा (हीच अलहम्दु) पढतो, म्हणजे सात आयतींची (वचनांची) ही सूरत माणूस आयुष्यभर रोज कितीदा तरी बोलतो. त्याच सूरतमध्ये 'अनअम्त' असा शब्द आहे, अर्थ "तू कृपा केलीस". शेवटच्या त वरचा जबर ('अ'ची खूण) सुटून तिथं पेश ('उ'ची खूण) लागला की होतं 'अनअम्तु', "मी कृपा केली". अल्लाहशी बोलताना देणारा कोण आणि घेणारा कोण हेच उलटं झालं! कुलहुवल्लाह (एक छोटी सूरत) तर आमच्याकडं चार वर्षांच्या पोराला पण पाठ असतं, पण तो 'क़ुल' घशाजवळून, जिभेच्या पार मागच्या टोकातून काढायचा असतो, तेव्हा त्याचा अर्थ "सांग" असा होतो, आणि साध्या 'क'नं बोललं की अरबीत "खा" असा अर्थ होतो. अशा चुकीला लहने जली म्हणतात, उघड चूक. गुन्ना (नाकातला आवाज) कमी पडला, मद (स्वर लांबवणं) थोडी आखूड झाली, ती लहने खफी, छुपी चूक. खफी हळूहळू सुधारता येते, पण जली ऐकूनही कुणी टोकत नसेल तर मला ते बरोबर वाटत नाही.

थांबण्याचंही तसंच. सूरे निसाच्या ४३ व्या आयतीत हुकूम आहे की नशेत असाल तर नमाजच्या जवळ जाऊ नका. श्वास संपला म्हणून कुणी अर्ध्यातच थांबला आणि तिथनंच पुढं निघाला तर उरतं काय, "नमाजच्या जवळ जाऊ नका"! म्हणून तर कुराणात ओळींच्या वर ते छोटे छोटे मीम, जीम, तोय, लाम-अलिफ छापलेले असतात, कुठं थांबायचंच, कुठं थांबलं तर चालेल, कुठं नाही. वर्षानुवर्षं कुराण पढणाऱ्यांना ही चिन्हं कशाची आहेत हे माहीत नसतं, एकदा सांगितलं की मग मात्र त्यांची नजर आपोआप तिकडं जाते.

माझी सगळ्यात मोठी काळजी ती देवनागरीत छापलेल्या पाऱ्यांची आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोंची. उर्दू वाचता येत नाही म्हणून लोक यासीन सूरत देवनागरीतून पढतात, नियत अगदी साफ असते, पण लिपीचा नाइलाज आहे ना. अरबीत सीन, साद आणि से ही तीन वेगळी अक्षरं, आपल्याकडं तिघांना एकच स. जाल, जे, जाद, जोय असे चार, आपल्याकडं एक ज, त्याखाली नुक्ता दिला तरी चौघांत फरक राहत नाही आणि छपाईत तो नुक्ता पण बऱ्याचदा गळतो. मोठी हे, छोटी हे दोन्ही ह. ऐन तर अ मध्ये विरघळूनच जातो. 'अलीम' ऐनने असेल तर "सगळं जाणणारा", अलिफने असेल तर "वेदना देणारा", दोन्ही शब्द कुराणात ठिकठिकाणी आहेत आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. आणि उर्दू मीडियमवाल्यांनी निर्धास्त होऊ नये, उर्दूत अक्षरं सगळी आहेत पण बोलताना आपण से-सीन-साद एकाच तोंडानं बोलतो, तीच सवय कुराणात येते. उलट मराठी पोरांना एक गोष्ट लवकर जमते असा माझा अनुभव आहे, 'जीव'मधला ज आणि 'जुना'मधला ज वेगळा हे त्यांच्या कानाला आधीपासून माहीत असतं, त्यामुळे जीम आणि जे यातला फरक दाखवला की पटकन पकडतात. ऐन मात्र सगळ्यांनाच घाम फोडतो.

मग देवनागरी फेकून द्यायची का, तर नाही. ज्याला काहीच येत नाही त्यानं तिच्या आधारानं सुरुवात करावी, पण तिथंच घर करू नये. नूरानी कायदा रोज थोडा थोडा केला तर मोठ्या माणसाला अरबी अक्षरं ओळखू यायला फार काळ लागत नाही. अवघड असतो तो मखरज, म्हणजे अक्षर तोंडात, घशात नेमकं कुठून निघतं ते ठिकाण. इमाम इब्ने जजरी, दमिश्कचे, १३५० ते १४२९ असा त्यांचा काळ, त्यांच्या हिशेबानं अशी १७ ठिकाणं आहेत. नुसत्या घशातच तीन, खालच्या भागातून हमजा आणि छोटी हे, मधून ऐन आणि मोठी हे, वरून गैन आणि खे. हे पुस्तकात वाचून समजतं पण जमत नाही, समोरचा बोलतो, तुम्ही बोलता, तो म्हणतो "नाही, अजून खालून", असं दहा वेळा झाल्यावर अकराव्यांदा अचानक बरोबर निघतं आणि बाईचा चेहरा असा उजळतो की काय सांगू!

नाशिककरांना हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला वेदपाठशाळा आहेत, तिथंही गुरुजींच्या तोंडून ऐकून, तसंच्या तसं म्हणून विद्या पुढं जाते. कुराणही असंच आलंय, छापील पानांच्या आधी तोंडातून कानात. आपण नाशकात जे पढतो ती इमाम आसिम यांची किरात (पढण्याची पद्धत), त्यांचे शागीर्द हफ्स यांच्याकडून आलेली. आसिम कूफ्याचे, आणि त्यांचे उस्ताद अबू अब्दुर्रहमान सुलमी. बुखारी शरीफ या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बहुतेकांनी ऐकलेली असते, "तुमच्यात सर्वांत चांगला तो, जो कुराण शिकतो आणि शिकवतो". ती तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडून ऐकून पुढं सांगणारे हेच सुलमी, आणि ते हजरत उस्मानांच्या खिलाफतीपासून इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळापर्यंत लोकांना कुराण शिकवत राहिले, म्हणायचे याच हदीसनं मला या जागेवर बसवलंय. सूरे मुज्जम्मिलमध्ये तर थेट हुकूम आहे की कुराण तरतीलनं पढा, थांबत थांबत, स्पष्ट.

आणि आपल्याकडं रमजानमध्ये काय होतं? धंद्याच्या सोयीसाठी दहा दिवसांची, सहा दिवसांची तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजमध्ये तेवढ्या दिवसांत अख्खं कुराण पढून संपवणं, आणि काही ठिकाणी स्पीड एवढा की मागच्या सफेत (रांगेत) नुसतं यालमून-तालमून ऐकू येतं. मी सगळ्यांना बोलत नाही, फार सुंदर पढणारे हाफिज आपल्या जिल्ह्यात आहेत, मालेगावला तर हिफ्ज (कुराण पाठ करणं) आणि किरातची मोठी परंपरा आहे. पण जिथं कमिटीच हाफिजजींना "जरा आटपा" म्हणते तिथं त्यांनी करायचं काय? कमी पढा, एक खतम, म्हणजे पूर्ण कुराण, महिनाभर चालू द्या, पण लोकांच्या कानावर अक्षर पडू द्या, कारण कामावर जाणाऱ्या कितीतरी माणसांचं वर्षातलं कुराण ऐकणं म्हणजे तेवढंच असतं.

मोबाईलबद्दल पण विचारतात. ऐकायला जरूर वापरा. इजिप्तचे कारी (तजवीदनं कुराण पढणारे) महमूद खलील हुसरी यांनी अख्खं कुराण रेकॉर्ड केलं, १९६१ साली ते तिथल्या रेडिओवर लागलं, आणि आजही शिकणाऱ्यासाठी त्यांच्याइतकं स्वच्छ पढणं मला दुसरं सापडत नाही. कारी अब्दुल बासित यांचा आवाज लोकांना जास्त आवडतो, लांब श्वास, उंच स्वर, तो ऐकून डोळ्यात पाणी येतं हे खरंच आहे, पण नव्या माणसानं आधी हुसरींच्या मागं मागं बोलावं. सूर नंतर. आवाज गोड नसला तरी तजवीद पूर्ण असू शकते. फक्त तुमची जीभ दातांना लागली का टाळूला हे फोन सांगत नाही, त्याला समोर माणूस लागतो.

मोठ्या वयाच्या बायका म्हणतात, "आपा, अब इस उमर में जबान क्या मुडेगी." त्यांना मी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस सांगते, की कुराणात जो माहीर आहे तो इज्जतदार फरिश्त्यांसोबत असेल, आणि जो अडखळत, कष्टानं पढतो त्याला दोन सवाब (पुण्य). ज्यांचे दात गेलेत, ज्यांची जीभ खरोखर वळत नाही त्यांच्यावर कुवतीबाहेरचं ओझं नाहीच, पण प्रयत्न तर करता येतो. म्हणूनच जाणकारांना पण विनंती, चारचौघांत वयस्कर माणसाला टोकू नका, बाजूला घेऊन सांगा. फातिहाच्या शेवटच्या 'वलज्जाल्लीन'मध्ये ज का द यावर लोक आवाज चढवून भांडतात, पण जिभेची कड वरच्या दाढांना लावून तो जाद काढायचा कसा हे दोघांपैकी एकानंही शिकून घेतलेलं नसतं. ते भांडण सोडून दोघांनी एका कारी साहेबांसमोर बसावं.

मशिदींच्या कमिट्यांना एवढंच मागणं आहे की इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर मोठ्या माणसांसाठी अर्धा तास ठेवा, फातिहा आणि शेवटच्या दहा सूरतींपासून सुरू करा, तेवढ्यानंही नमाज सुधारते. बायकांसाठी दुपारची वेळ आणि शिकवायला बाईच हवी, कारण पुरुषासमोर ऐन घशातून काढायला कित्येक जणी लाजतात आणि मग येणंच बंद होतं. शिकवणाऱ्याला मानधन नीट द्या, मॅथ्सच्या ट्यूशनला आपण न कुरकुरता पैसे मोजतो आणि हाफिजजींना देताना हात आखडतो. आणि ज्या मशिदींत असे क्लास आधीच चालू आहेत त्यांनी टाइम बाहेरच्या बोर्डवर लावावा, उर्दूसोबत मराठीतही, म्हणजे मराठी मीडियमच्या पोरालाही तो वाचून आत येता येईल.

आपली वाचक,
जुने नाशिक