दाखल क्रमांक नसलेलं पुस्तक

लाइपझिग,
९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बोललो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. पण पत्राबरोबर एक पुस्तक येतंय. त्याची हकिकत फोनवर सांगायला घेतली की तू मध्येच "जेवलास का?" विचारतेस आणि सगळं राहून जातं. म्हणून बसून लिहितोय.

मार्चमध्ये मी तुला एका कादंबरीबद्दल सांगत होतो, आठवतं? विदर्भातल्या कापसाच्या जिनिंगमधल्या हिशेबनिसाची. तू म्हणालीस, "पाठव." मी लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी तुझा निरोप आला, "लिंक उघडली. पुस्तक कुठाय?" मी म्हटलं, अगं हेच पुस्तक, ते फक्त ई-बुक म्हणूनच निघालंय. तरी तू आठ दिवस नेटाने प्रयत्न केलास, हे मला माहीत आहे. मोतीबिंदूचा डोळा, अक्षर मोठं केलं की एका ओळीत तीनच शब्द, आणि बोट लागलं की पान पळतं. शेवटी म्हणालीस, "पळणारं पुस्तक मला नको. छापलेलं मिळालं तर बघ."

खरं सांगतो, तेव्हा मला तुझा राग आला होता. तीस वर्षं वाचनालयात काढलेली बाई, आणि मजकूर सोडून कागदाला काय धरून बसलीय, असं वाटलं.

मग मे महिन्यात माझंच हसं झालं. ज्या दुकानातून सहा वर्षांत मी अकरा मराठी कथासंग्रह फाइलच्या रूपात घेतले होते, ते दुकान बंद पडलं. त्यांची सूचना माझ्या जुन्या ईमेलवर गेली, जो मी उघडतच नाही. आता ॲप उघडलं की अकरा मुखपृष्ठं एका ओळीत दिसतात, राखाडी. बोट लावलं तर काहीच होत नाही. त्यातले चार संग्रह कागदावर कधी आलेच नव्हते. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली पुस्तकांचं दुकान गुंडाळलं तेव्हा लोकांच्या यंत्रातली पुस्तकं अशीच गेली, पण त्यांनी निदान पैसे परत केले. मला तेही नाही. वाचनालयाची पावती तरी बरी, तिच्यावर पुस्तक परत करायची तारीख लिहिलेली असते. माझ्या अकरा पुस्तकांची तारीख मला कुणी सांगितलीच नव्हती.

त्या रात्री मला आजीचं कपाट आठवलं. ओट्यावरच्या खोलीतलं, खालच्या कप्प्यातली ती जाडजूड हिरव्या कापडाची बाडं. मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांची पानं आजी फाडून ठेवायची आणि कादंबरी संपली की मधल्या आळीतल्या बाइंडरकडून शिवून आणायची. लहानपणी त्यातली एक मी वाचली होती. नायिका विहिरीपाशी जाते, श्वास रोखून पान उलटावं तर मागे अळूच्या वड्यांची कृती आणि केशतेलाची जाहिरात. ती पानं काढून टाकता येत नव्हती, कारण पाठीला पाठ. आजही मला विहीर म्हटलं की अळू आठवतं.

तुला मी काय सांगणार, पण हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तरी पहिल्यांदा कशी वाचली गेली? १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून, हप्त्याहप्त्यानेच. अंक रद्दीत जायचेच असतात. पुढे कुणीतरी त्यांचं पुस्तक केलं, म्हणून तुझ्या आणि माझ्या हातात ती आली. आजीने जे केलं ते घरापुरतं, पण काम तेच. म्हणजे छापील प्रतीचा तुझा हट्ट नवा नाही, आपल्या घरात तो निदान दोन पिढ्यांचा आहे. मीच विसरलो होतो.

मग मी लेखिकेला पत्र लिहिलं. विचारलं, छापील प्रत कुठे मिळेल? तिचं उत्तर मोठं आणि जरा दमलेलं होतं. एका प्रकाशकाला कादंबरी आवडली, पण तीनशे प्रती तिनेच विकत घ्याव्यात अशी अट. दुसऱ्याने दोन वर्षं थांबायला सांगितलं, आणि मग फोन उचलणं बंद केलं. शेवटी तिने स्वतःच ९९ रुपयांना ई-बुक करून टाकलं. प्रकाशकांनाही मी फार बोलणार नाही. हजाराची आवृत्ती काढायची, गोदामाचं भाडं भरायचं, दुकानांतून परत आलेली मळकी पुस्तकं मोजायची, हे कुणाला हवंय? पण आता पन्नास प्रतीही छापून मिळतात. प्रतीमागे खर्च वाढतो, किंमत चढी ठेवावी लागते, हे खरं. तरी पन्नास प्रती म्हणजे पन्नास वाचनालयं, आत्या. ते कुणाच्या डोक्यात येत नाही. एकतर हजार, नाहीतर शून्य.

तिकडे इंग्रजीत असं झालेलं आहे की ई-बुक आधी आणि कागद नंतर. अँडी वीअरने 'द मार्शियन' आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली, २०११ मध्ये ई-बुक केलं, आणि २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनाने ती छापली. पण ती तुफान खपली होती म्हणून. तीनशे वाचकांची चांगली कादंबरी असते ना, तिचं काय, याला तिथेही उत्तर नाही.

इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाबद्दल मी तुला मागे लिहिलं होतं. त्याची लाइपझिगची शाखा १९१२ सालची. १९१३ पासून जर्मनीत निघालेलं प्रत्येक पुस्तक तिथे जमा होतं. २००६ साली त्यांनी कायदाच नवा केला, आणि आता फक्त डिजिटल निघालेली कादंबरीही तिथे जमा करावी लागते. आपला १९५४ चा कायदा तुला तोंडपाठ आहे. प्रकाशकाने पुस्तक तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायचं, शिवाय चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना. पण तो छापील पुस्तकांपुरताच बोलतो. म्हणजे आपल्या हिशेबनिसाची कादंबरी देशातल्या एकाही ग्रंथालयाच्या वहीत नाही. लेखिकेचा संगणक, आणि ज्याच्याकडे ती विकायला ठेवलीय ते दुकान, एवढाच तिचा पत्ता.

म्हणून मी तिला पुन्हा लिहिलं, की विकणार नाही, फक्त दोन प्रती करतो, एक आत्यासाठी आणि एक माझ्यासाठी, चालेल का? विकत घेतलेल्या फाइलला कुलूप असतं, ती छापता येत नाही. शिवाय न विचारता छापणं बरोबरही नाही. तिने मूळ फाइल पाठवली आणि खाली एकच ओळ: "तीन करता येतील का? मी स्वतः ती अजून हातात धरलेली नाही."

ही ओळ वाचल्यावर मी सप्टेंबरमध्ये इथल्या फोल्क्सहोखशूलमध्ये नाव घातलं. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवणारी ही संस्था. जर्मन, योगासनं, केक आणि पुस्तकबांधणी, सगळं एकाच छपराखाली. हे गाव मुळात छापखान्यांचं. आमच्या बाई सत्तरीच्या, पूर्व जर्मनीच्या काळात बांधणीच्या कारखान्यात होत्या. कागद हातात घेतला की आधी वाकवून बघतात. पहिल्याच दिवशी माझ्यावर ओरडल्या.

झालं असं, की मी साध्या कागदावर छापून नेलं होतं. दुकानात मिळणाऱ्या ए-फोर कागदाचे तंतू बहुतेक लांबीच्या दिशेने असतात. तो मधोमध दुमडून पुस्तक केलं की तंतू कण्याला आडवे येतात. मग पुस्तक नीट उघडत नाही, पान उलटलं तरी फळीसारखं उभं राहतं. तंतू कण्याच्या दिशेनेच हवेत. त्यासाठी मोठा ए-थ्री कागद आणून मधोमध कापून घ्यायचा, म्हणजे दिशा आपोआप जुळते. पहिल्या प्रतीचे बहात्तर कागद असे वाया गेले. त्यांच्या कोऱ्या समासांत आता मी वाण्याच्या याद्या करतो.

अक्षराचं दुखणं त्याआधी होतंच. कॉपीच्या दुकानात पहिल्यांदा छापलं तेव्हा अर्ध्या पानांवर नुसते चौकोन आले. ते सुधारलं तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. निर्णयसागर छापखान्याची पानं बघत वाढलेल्या तुझ्यापुढे असा 'श' ठेवायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी 'तिरो देवनागरी मराठी' नावाचा टंक लावला. फुकट आहे, आणि त्यातले 'ल' नि 'श' आपले आहेत. 'वाऱ्यावर'मधला अर्धा र तर इतका छान बसलाय की मी तो शब्द असलेली पानं उगीचच शोधत बसलो. तुझ्यासाठी अक्षर दोन पॉइंटने वाढवलं, आणि कादंबरी २८८ पानांवर गेली.

चार कागद एकात एक दुमडले की सोळा पानांचा एक जुज. असे अठरा. हाडाच्या पट्टीने घड्या दाबायच्या, घडीवर टोच्याने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुज आधीच्याला गुंफत शिवायचा. डिंकाने नुसता कणा चिकटवून देणारी दुकानं इथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, तासाभरात पुस्तक होतं. पण वाचनालयात तशा पुस्तकांचं काय होतं ते तू मला दाखवलेलं आहेस. पाचव्या वाचकाला पानं हातात. म्हणून जुजबंदीच. तीन प्रतींना नऊ मंगळवार लागले. पुठ्ठ्यावर हिरवं कापड लावलंय. का, ते तुला कळेल. खळ आमच्या बाई स्वतः गव्हाच्या पिठाची करतात. वास थेट आजीच्या स्वयंपाकघरातला.

आता दोन कामाच्या गोष्टी. एक, या पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का मारू नकोस. मला माहीत आहे, पुस्तक हातात आलं की तुझी बोटं दाखल क्रमांक शोधतात. पण लेखिकेची परवानगी घरच्या प्रतीपुरती आहे. वाचनालयाला एक देऊ का, असं मी तिला विचारलंय, उत्तर यायचंय. ती हो म्हणाली तर चौथी प्रत करीन आणि मग दाखल नोंदवहीत काय लिहायचं ते तूच ठरव. प्रकाशक नाही, आवृत्ती नाही, किंमतीच्या रकान्यात तर काय घालणार? माझे नऊ मंगळवार तिथे मावत नाहीत. तोवर शेजारच्या काकूंना वाचायला दिलीस तर माझी हरकत नाही, फक्त परत घे.

दुसरी गोष्ट जरा लाजेची. बऱ्या उतरलेल्या दोन प्रतींपैकी एक लेखिकेला पाठवली आणि एक मी ठेवून घेतली. तिसरी तुझी, आणि तिच्यात अकरावा जुज उलटा शिवला गेलाय. दोरा कापून पुन्हा शिवायला गेलो असतो तर बारावा आणि दहावाही सैल झाला असता. बाई म्हणाल्या, राहू दे. तर १६० वं पान संपलं की उलटी पानं ओलांडून १७७ उघड आणि तिथे पुस्तक खालचं वर कर, म्हणजे १६१ पासून सरळ लागेल. १७६ झालं की पुन्हा फिरव आणि १७७ वर जा. हिशेबनीस नेमका त्याच पानांत रात्री जिनिंगमध्ये एकटा अडकतो, तेव्हा घाईत फिरवताना चष्मा पाडू नकोस.

पुस्तक माझ्या मित्राची आई डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात आणतेय. तिथून ते वाईला कसं न्यायचं, ते बाबांशी बोलून ठरव. एसटीच्या पार्सलने नको, दमट होईल.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझा भाचा