काठावर कोणीतरी असू दे

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी कोणी ठेवला यावरून तुझी आई आणि मी अजून वाद घालतोय. कोणीही ठेवला असो, 'परत ये' हे शब्द माझ्या तोंडून जायला नको होते. दहा महिन्यांत तू तिथे ऑस्ट्रेलियात एकटीने बस्तान बसवलंस आणि मी एका वाक्यात त्याची माती केली. चुकलंच माझं. पण तू तरी ती गोष्ट कशी सांगितलीस? आईशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलता बोलता मध्येच, 'अगं, परवा समुद्रात जरा आत ओढले गेले, एका सर्फरने फळीवर घेऊन आणलं,' आणि लगेच पुन्हा पडदे. मी मागेच उभा होतो. तुझं कोपर खरचटलेलं मी त्याआधीच पाहिलं होतं.

पत्रात पाण्याचा विषय काढायचाच नाही असं ठरवून बसलो होतो. पहिल्याच परिच्छेदात निघाला. असो.

क्वीन्सलँडात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या आधीच उजाडतं आणि सगळं गाव त्या वेळी किनाऱ्यावर चालत, धावत, पोहत असतं, हे तू सांगितलंस तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. सात वाजता तीन हाका मारल्याशिवाय न उठणारी मुलगी तिथे साडेचारला उठते! वृद्धाश्रमातली ड्यूटी, ते इंग्रजीचे उच्चार, घरमालकाशी डिपॉझिटवरून झालेली कटकट, सगळं तू निभावलंस. तू गेलीस आणि महिन्याभरात, मार्च २०२५ मध्ये, ते आल्फ्रेड वादळ आलं. वीज नाही, फोन नाही. आई देवापाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी तुझा आवाज आला आणि तू पहिलं काय विचारलंस, तर 'बाबा, तुमचं बीपी?' ते मी कोणाला सांगितलेलं नाही, पण रोज आठवतो.

त्या वादळाने किनाऱ्यावरची वाळू वाहून नेली, माणसाच्या उंचीचे कडे तुटले, त्याचे फोटो तूच पाठवले होतेस. मग पालिकेने बोटी लावून वाळू परत आणून टाकली. सांगायचं हे की तिथला समुद्राचा तळ जागच्या जागी राहत नाही. वाळूचे बांध सरकतात. लाटा बांधावरून पाणी किनाऱ्याकडे ढकलतात, आणि ते पाणी जिथे बांध तुटलेला असेल तिथल्या चरातून परत आत धावतं. त्या चरावर लाट फुटत नाही. पाणी गडद आणि शांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. खडकांच्या कडेला तर ही ओढ असतेच, आणि तू पोहतेस तिथे, बर्लीच्या टेकडीखाली सगळा खडकच आहे. ओढीच्या विरुद्ध पोहून ऑलिंपिकचा पोहणाराही दमतो. ती माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो घाबरून झटापट करण्याने. उताणं तरंगायचं, हात वर करायचा, आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून फुटणाऱ्या लाटांकडे जायचं.

हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. निळी बाटली, म्हणजे तिथला तो डंख मारणारा समुद्री जीव, डसली तर गरम पाण्यात पाय धरायचा, हे मला तूच शिकवलंस. मी गेले चार दिवस हेच वाचत बसलोय, म्हणून लिहिलं. मास्तरकी झाली, माफ कर.

खरं सांगू का, मला राग तुझ्यावर आलाच नव्हता. पाण्याची भीती तुझ्या मनातून मीच काढली. सात वर्षांची होतीस. तात्यांनी तेलाच्या डब्याला डाख देऊन घेतला होता, तो सुती नाड्याने तुझ्या पाठीला बांधायचो. नाडा काखेत काचायचा म्हणून आई खाली जुन्या लुगड्याची घडी घालायची. डबा पाण्यावर आपटला की विहिरीत ढब्ब असा आवाज घुमायचा आणि तू त्या आवाजालाच हसायचीस. बाराव्या की तेराव्या दिवशी मी डबा 'विसरलो'. पायरीवर उभी राहून तू माझ्याकडे पाहिलंस, मागे हात नेऊन पाठ चाचपलीस, आणि उडी मारलीस. वर आलीस तेव्हा नाकातोंडातून पाणी येत होतं आणि म्हणालीस, 'पुन्हा.' तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आता तोच दिवस आठवून झोप उडते. विहिरीचं पाणी कुठे जात नाही, हे तुला त्या वेळी सांगायचं राहून गेलं.

आणि तात्यांचा नियम आठव. काठावर माणूस असल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही. ते स्वतः पट्टीचे पोहणारे, तरी दोन्ही काकांपैकी एकाला वर बसवल्याशिवाय पायरी उतरायचे नाहीत. तिथले ते लाल-पिवळे झेंडे म्हणजे दुसरं काय? दोन झेंड्यांच्या मधे पोहायचं, कारण तेवढ्या पट्ट्यावर कोणाची तरी नजर असते. तू जातेस ती वेळ झेंडे लागायच्या आधीची. तुला ड्यूटी गाठायची असते, कळतं मला. पण तिथले पाच म्हणजे इथले रात्रीचे साडेबारा. मी जागाच असतो गं.

बाई माणूस तिथे एकटी पहाटे फिरते याची मला भीती नाही, तू समजतेस तसं. भीती वेगळी आहे. वाळूवर तुझा टॉवेल आणि चपला पडलेल्या असतील, ऊन वर येईल, आणि हे सामान कोणाचं असा प्रश्न कोणालाही पडणार नाही. तो सर्फर त्या दिवशी तिथे होता म्हणून. त्याचं नावसुद्धा तू विचारलं नाहीस.

तू म्हणतेस, ओळखी होतात पण मैत्री होत नाही. सगळे हसून 'हाउ आर यू' म्हणतात आणि उत्तराला थांबत नाहीत. जीव तुटला ते ऐकून. तुझ्या त्या टोपी देणाऱ्या आजीबाई सोडल्या तर तिथे तुझं कोण आहे? मी वाचलं की सर्फ क्लब हौशी लोकांना जीवरक्षकाचं शिक्षण देतात. ब्रॉन्झ मेडॅलियन म्हणतात त्याला. त्यासाठी तलावात चारशे मीटर नऊ मिनिटांच्या आत पोहावं लागतं. तुला जड नाही. रविवारी लाल-पिवळी टोपी घालून चारचौघांबरोबर तू किनाऱ्यावर उभी राहशील, आणि त्यांना तुझं नाव माहीत असेल. लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी तुला पुन्हा पाण्यातच धाडतोय. पण तुला पाण्यापासून तोडून तू तिथे टिकणार नाहीस, एवढं मला कळतं. ब्रिस्बेनच्या मराठी मंडळींकडेही जात जा. आता पन्नास सेंटमध्ये ट्रेनने कुठेही जाता येतं म्हणालीस ना? आणि ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लाव. झालं, आता उपदेश नाही.

पडद्यांचं कापड आईने घेतलंय, फिकट निळं. माप पुन्हा एकदा कळव, तिने लिहून घेतलेला कागद रविवारच्या गडबडीत हरवला.

आणि एवढं कर. पाण्यात जाण्याआधी 'निघाले' आणि बाहेर आल्यावर 'आले' असं लिहीत जा. मी उत्तर देणार नाही, काही विचारणारही नाही. फोन उशाशी असतो.

तुझा,
बाबा