नाल्यात एवढा गाळ येतो कुठून?

संपादक महोदय,

दरवर्षी पावसाळ्याआधी नालेसफाई होते, काढलेला गाळ काठावरच ढीग लावून ठेवतात आणि पहिल्याच जोरदार पावसात तो परत नाल्यात, हे आम्ही बेलापूरकर बघतोच. पण मुळात एवढा गाळ येतो कुठून? पारसिकचा डोंगर दगडखाणींनी कापलाय, त्यात जागोजागी बांधकामाची खोदाई, आणि सगळीकडे काँक्रीट झाल्याने पाणी मुरायला जागाच नाही, मग ते लाल पाणी सुसाट खाली येतं, उतारावर नाल्याचा तळ आणि काठ खरवडतं आणि खाडीजवळ सपाटीला वेग कमी झाला की सगळी माती होल्डिंग पॉन्डमध्ये टाकतं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं म्हणून हे पॉन्ड केलेत, तेच आता उथळ झालेत! गाळावर कांदळवन वाढलंय, ते तोडूही नये. नाल्याला नुसत्या भिंती बांधल्या तर पाणी अजून जोरात पळतं. त्यापेक्षा डोंगरपायथ्याला गाळ अडवणारे छोटे बंधारे घाला, बांधकामाची माती पावसाळ्यात झाकायला लावा आणि काढलेला गाळ लगेच उचला.

– एक वाचक, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई