मेंदूतील रक्तस्राव आणि मिठाचा घोळ

माननीय संपादक महोदय,

रक्तदाब असलेल्यांनी मीठ कमी खावे, असे आपल्या दैनिकात अधूनमधून छापून येते. ते योग्यच. पण मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या रुग्णालाही घरची माणसे तोच नियम लावतात. न्यूरोच्या वॉर्डात मी परिचारिका होते, म्हणून लिहिते आहे.

ज्यातून रक्त आले तो धमनीचा फुटलेला फुगा (कमकुवत भिंतीचा फुगवटा) क्लिप म्हणजे चिमटा लावून किंवा कॉइल म्हणजे बारीक तार घालून बंद केला की नातेवाइकांना वाटते, गंगेत घोडे न्हाले. मग चार-आठ दिवसांनी रुग्ण गुंगीत जातो, काहीबाही बोलतो. ‘औषधाची झोप असेल’ म्हणून कोणी बोलत नाही. सिस्टरना लगेच सांगा. अशा वेळी सीटी स्कॅनइतकेच रक्तातले सोडियमही (मिठातला मुख्य घटक) बघावे लागते. ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल हवे; या आजारात तिघांत एकाचे तरी खाली येते.

ते कमी मीठ खाल्ल्याने उतरत नाही. कधी मेंदूतून जादा सुटलेले संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावते आणि रक्तातले मीठ पातळ होते. कधी मूत्रपिंडच लघवीवाटे मीठ टाकत सुटते, त्याच्यामागून पाणीही जाते. रिपोर्टवर आकडा सारखाच दिसतो. पहिल्या प्रकारात एरवी पाणी तोडतात, म्हणजे रुग्णाला कमी पाणी देतात. दुसऱ्यात तोडले तर रुग्ण सुकतो. त्यात चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास मेंदूच्या धमन्या आकसण्याची भीती असते, म्हणून या आजारात पाणी तोडणे दोन्हीकडे धोक्याचेच. १९८५ सालच्या एका डच अभ्यासात पाणी तोडलेल्या २६ रुग्णांपैकी २१ जणांच्या मेंदूचा काही भाग रक्ताअभावी निकामी झाला होता. उपचार म्हणून ३ टक्के मिठाचे सलाइन देतात, तेही मोजूनमापून. सोडियम २४ तासांत ८-१० पेक्षा जास्त चढले तर मेंदूला वेगळीच इजा होते.

म्हणून किती प्यायले आणि किती लघवी झाली, याचा तक्ता महत्त्वाचा. आपल्याकडे भेटीला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो आणि नोंद न करता पाजतो. ‘सलाइनच ते’ म्हणे! शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, सोडियम थोडेच. प्रेमाने पाजा, पण आधी विचारा.

माझी मागणी साधी आहे. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर शेवटचे सोडियम तारखेसह लिहावे. मीठ-पाणी किती, आणि रक्तदाबासाठी पूर्वी चालू असलेली लघवीची गोळी पुन्हा घ्यायची की नाही (काही गोळ्यांनी सोडियम आणखी उतरते), हे मराठी-कोकणीत नमूद करावे. पुढची तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात व्हावी. गोव्याच्या टोकाच्या सत्तरी किंवा काणकोणच्या माणसाला एवढ्यासाठी बांबोळीचे मोठे सरकारी इस्पितळ गाठायला लावू नये. आरोग्य खात्याने तसे परिपत्रक काढावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, डिचोली